कोल्हापुरात कामावर नेमकी कुठली सॉफ्ट स्किल्स लागतात? प्रसंगासकट सांगा

शिरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी क्वालिटी बघतो. भरतीच्या वेळी मुलाखती घ्यायला बसतो, आणि कॉलेज किंवा आयटीआयनं बोलावलं तर पोरांशी बोलायलाही जातो. दोन्हीकडं एकच चित्र दिसतंय, म्हणून हा धागा.

सॉफ्ट स्किल्स म्हटलं की पोरांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांपुढं येतं ते फाडफाड इंग्रजी, इस्त्रीचा शर्ट आणि 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं पाठ केलेलं उत्तर. त्यासाठी क्लास लावतात. कित्येकांची फी उसाच्या बिलातनं काढून भरलेली असते. आणि आमच्याकडं ज्या गोष्टींवर माणूस टिकतो, वर चढतो किंवा निघून जातो, त्यातलं त्या क्लासात फार थोडं शिकवलं जातं.

रात्रपाळीचा एक प्रसंग बघा. सँड प्लँटवरच्या, म्हणजे मोल्डची (साच्याची) वाळू तयार होते तिथल्या, पोरानं वाळू मुठीत दाबली, ती नेहमीपेक्षा ओली लागली. टेस्टिंगलाही मॉइश्चर जरा वर आलं. पोरगं हुशार, त्याला कळतंय की असंच चालू राहिलं तर कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, येणार. पण पाळी संपत आलेली, सुपरवायझर भट्टीवर कशावरनं तरी तापलेला. पोरगं रजिस्टरमध्ये 'सर्व ओके' लिहितं आणि बस पकडतं. दिवसपाळीवाले त्याच वाळूचे मोल्ड करतात, मेटल ओततात. शॉट ब्लास्टिंगनं (बारीक छर्रे मारून) भाग साफ केल्यावरही काही दिसत नाही, कारण भोक पृष्ठभागाच्या आत असतं. ते दिसतं गिऱ्हाइकाच्या व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या मशिनवर), टूल दोन मिलिमीटर आत गेल्यावर. तोवर लॉट चाकणला पोचलेला. मग सॉर्टिंगला माणसं पाठवा, डेबिट नोट (बिलातली कपात) सोसा, एट-डी रिपोर्ट (चुकीचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल) लिहा.

त्या पोराला वाळू कळत होती. तापलेल्या माणसापुढं जाऊन 'दादा, वाळू ओली लागतीया, एकदा बघून घ्या' म्हणणं आणि जाताना तेच नीट लिहून ठेवणं, एवढंच त्याला जमलं नाही. त्यात इंग्रजीचा काही संबंध नाही.

एट-डी रिपोर्टचंही तसंच. डिप्लोमा झालेला पोरगा कारण लिहितो 'ऑपरेटर मिस्टेक'. गिऱ्हाईक रिपोर्ट परत पाठवतं. 'का' विचारत विचारत खाली उतरायचं असतं. वाळू ओली का झाली? पाणी जास्त पडलं. का पडलं? व्हॉल्व्ह गळत होता. वेळेत का कळलं नाही? त्या व्हॉल्व्हची तपासणी चेकलिस्टवरच नव्हती. हा विचार मराठीत झाला की इंग्रजीत उतरवायला आठ-दहा साचेबंद वाक्यं पुरतात, ती कुणालाही शिकवता येतात.

माझं म्हणणं असं की, आधी कामावरचे असे अडणारे प्रसंग गोळा करावेत, मग त्यांचाच सराव पोरांकडनं करून घ्यावा. 'व्यक्तिमत्त्व विकास' असा गोळाबेरीज विषय शिकवून उपयोग नाही. म्हणून विनंती: तुमच्या कामात माणूस नेमका कुठं कमी पडतो ते लिहा. 'कम्युनिकेशन चांगलं पाहिजे' एवढंच लिहू नका, प्रसंग लिहा. दवाखाना, हॉटेल, दुकान, कोर्ट, दूध संघ, यंत्रमाग, कुठलंही क्षेत्र चालेल.

कळंबा_रोड

शिरोलीकर दादा, नेमकं बोललात. मी आयटीआयमध्ये निदेशक आहे. आमच्याकडं 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषय सगळ्या ट्रेडना आहे. पुस्तक आहे, परीक्षा आहे. पण परीक्षा पर्याय निवडायची. 'संघभावना म्हणजे काय' याच्या बरोबर उत्तराच्या चौकोनात टिक केली की मार्क मिळाले. चार पोरं एका लेथवर असताना पाळी कुणाची यावरनं वाद झाला तर तो कसा मिटवायचा, हे त्या चौकोनात मावत नाही.

मी माझ्या बॅचला एक करतो. प्रॅक्टिकल संपलं की जाणाऱ्या पोरानं येणाऱ्या पोराला मशिन तोंडी सोपवायचं. काय चालू होतं, काय बदललं, काय अर्धं राहिलं, कशाची शंका आहे. येणाऱ्यानं ते ऐकून परत सांगायचं. परत सांगता आलं नाही तर दोघांनाही पुन्हा करायला लावतो. सुरुवातीला पोरं हसतात, नंतर सवय लागते.

यातनं मला एक कळलं. 'नीट बोल', 'शुद्ध बोल' म्हटलं की पन्हाळा-शाहूवाडीकडची पोरं जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी गप्प होतात. 'तुझ्या भाषेत बोल, पण पुरं बोल' म्हटलं की तीच पोरं मशिनचा सगळा इतिहास सांगतात. 'टूल जरा आवाज करालतंय, बोथाट झालंय वाटतं' हे वाक्य मला पूर्ण चालतं. त्यात निरीक्षण आहे आणि अंदाजही आहे.

नाईट_ड्युटी_सिस्टर

दवाखान्यातला प्रसंग सांगते. पहाटे तीनला पेशंटचं बीपी उतरतंय. नवीन सिस्टर डॉक्टरांना फोन करते आणि म्हणते, 'सर, पेशंटला बरं वाटत नाहीये.' डॉक्टर झोपेत, तेही म्हणतात, 'बरं, बघतो सकाळी.' दोष कुणाचा यात मी शिरत नाही. पण हे टाळायची पद्धत नर्सिंगमध्ये आहे, तिला एसबार म्हणतात. आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, माझ्या मते काय होतंय, आणि तुम्ही काय करावं असं मला वाटतं, हे चार टप्पे त्याच क्रमानं सांगायचे. 'सर, बेड सातचे आजोबा, बीपी नव्वद-साठवरनं ऐंशी-पन्नासवर आलंय, काल ऑपरेशन झालंय, आत रक्तस्राव असावा असं वाटतं, तुम्ही आत्ता येऊन बघावं.' पंधरा-वीस सेकंदांचं काम.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड जातो. डॉक्टरांना 'तुम्ही या' म्हणायचं! आमच्या मुली घरातसुद्धा मोठ्या माणसाला असं कधी म्हटलेल्या नसतात. म्हणून आम्ही जुन्या सिस्टर नव्या मुलींकडनं खोट्या फोनवर हे वदवून घेतो. एकीनं चिडका डॉक्टर व्हायचं, दुसरीनं फोन करायचा. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

आणखी एक लिहिते, कारण हे कुणी शिकवत नाही. नातेवाइकांना वाईट बातमी दारात उभं राहून, चालता चालता सांगायची नाही. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, घरातलं मोठं कोण आहे ते विचारायचं. गावाकडनं एका जीपमधनं पंधरा माणसं आलेली असतात. त्यातल्या नेमक्या माणसाशी बोललं तर वॉर्डात गोंधळ होत नाही.

उद्यमनगर_वर्कशॉप

मी छोटा माणूस. शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. मुलाखत वगैरे आमच्याकडं नसते, पोरगं येतं आणि कामाला लागतं. मी पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी बघतो. वापरलेला मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवतो का, आणि यायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगतो का.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडं गावची जत्रा असते, पाव्हण्यांचं लग्न असतं, सुगी असते. मी कधी नाही म्हणत नाही. जोतिबाच्या यात्रेला आमचं अर्धं उद्यमनगर मोकळंच असतं. पण सकाळी नऊला मशिन लावायचं, आणि पोरगं येत नाही, फोन स्विच ऑफ. एवढ्यावरनं माझा दिवसाचा डिस्पॅच बुडतो. सांगायची लाज वाटते म्हणून फोन बंद करतात. 'मालक, उद्या येत न्हाई, परवा जादा बसतो' एवढं म्हणणाऱ्या पोराला मी कधीच सोडत नाही.

कामगाराचा_पोरगा

सगळं वाचलं. मला मान्य नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

माझे वडील फौंड्रीत फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) होते, मी स्वतः कॉन्ट्रॅक्टवर आहे. शिरोलीकर, तुमच्या प्रसंगातलं ते पोरगं बोललं का नाही, याचा विचार करा. मी एका ठिकाणी बोललो होतो. कोअर (कास्टिंगमधली पोकळी धरणारे वाळूचे ठोकळे) नीट वाळलेले नाहीत असं सांगितलं. उत्तर आलं, 'तू शहाणा आहेस का? टार्गेट कोण भरणार?' पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्टरनं मला दुसरीकडं हलवलं. कंपनीचं नाव घेत नाही, असं एकाच ठिकाणी घडतं असंही नाही. त्यानंतर लाइनमधला कुठला पोरगा बोलेल?

मग 'पोरांना सॉफ्ट स्किल्स नाहीत' हे वाक्य सोयीचं होतं. पगार वाढवायचा नाही, कायम करायचं नाही, बारा तास उभं करायचं, आणि पोरगं सोडून गेलं की 'ॲटिट्यूड नाही' म्हणायचं. ज्या कौशल्यानं तुमचा लॉट वाचतो, त्याचे पैसे किती? सीएनसी येतं म्हणून दोन हजार जास्त मिळतात. चूक वेळेवर सांगतो म्हणून कुणाला रुपया जास्त मिळालेला मी तरी बघितला नाही.

विद्यापीठ_रस्ता

कामगाराचा_पोरगा यांचा मुद्दा वादाचा नाही, तो अभ्यासात सापडलेला आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाईकाम करणाऱ्या बायकांवर अच्युत अध्वर्यू आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. इच्छुक बायकांतनं चिठ्ठ्या टाकून काहींना सॉफ्ट स्किल्सचं प्रशिक्षण दिलं: संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं, पैशाचा हिशेब. सगळं कामाच्या आठवड्यात बसवून, महिनोन्‌महिने थोडं थोडं. प्रशिक्षण घेतलेल्या बायकांची उत्पादकता स्पष्ट वाढली, मालकाला खर्चापेक्षा कितीतरी जास्त परतावा मिळाला. पगार मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वाढला. म्हणजे ही कौशल्यं शिकवता येतात, ती उत्पादनात दिसतात, आणि त्यांचा फायदा आपोआप कामगाराच्या हातात पडत नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दुसरा अभ्यास जॉर्डनमधला. तिथं कॉलेज झालेल्या मुलींना ४५ तासांचं सॉफ्ट स्किल्सचं प्रशिक्षण दिलं, चांगल्या प्रतीचं. नोकरी मिळण्यावर त्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. प्रशिक्षण वाईट नव्हतं, पण त्या मुलींना घेणाऱ्या जागाच पुरेशा नव्हत्या. आपल्या शहरात दर उन्हाळ्यात जे 'रोजगारक्षम' करणारे वर्ग भरतात, त्यांच्या आयोजकांनी हा अभ्यास वाचायला हवा. आधी मागणी कुठं आहे ते बघायचं, मग शिकवायचं.

मागणी आहे का, तर लांब पल्ल्यात आहे. डेव्हिड डेमिंग या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेची आकडेवारी तपासली. १९८० ते २०१२ या काळात माणसांशी जास्त व्यवहार लागणाऱ्या कामांचा एकूण रोजगारातला वाटा जवळपास १२ टक्केबिंदूंनी (पर्सेंटेज पॉइंट) वाढला. गणित भरपूर पण माणसांशी संबंध कमी अशा कामांचा वाटा उलट घटला. सगळ्यात चांगली वाढ झाली ती दोन्ही लागणाऱ्या कामांत. म्हणून आईबापांना माझं सांगणं असतं की, ट्रेड सोडून सॉफ्ट स्किल्सच्या मागं लागू नका, ट्रेडच्या जोडीला ती घ्या. अमेरिकेचं चित्र कोल्हापूरला जसंच्या तसं लागू होत नाही, पण नाईट_ड्युटी_सिस्टर आणि शिरोलीकर जे सांगतायत ते त्याच दिशेचं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्या पदवी अभ्यासक्रमात ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) आलंय, विद्यार्थ्यानं प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकायचं. कल्पना फार चांगली. पण काही मुलं ओळखीच्या दुकानातनं सही-शिक्क्याचं पत्र आणतात आणि दारातसुद्धा पाऊल टाकत नाहीत. हे बघून जीव तुटतो. फुकट मिळालेली सरावाची जागा वाया जाते.

बेंचचा_कारकून

कोर्टाचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्हे जोडलेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. वकिलांच्या ऑफिसात माणसं लागतायत, टायपिंग, भाषांतर, फाइलिंग, लॉज, झेरॉक्स, गाड्या, सगळीकडं काम वाढलंय. ही मागणी नवी आहे आणि डोळ्यांपुढं आहे.

इथं इंग्रजी लागतं, ते नाकारून चालणार नाही. पण कुठलं इंग्रजी? सातबारा, फेरफार, पंचनामा वाचून त्यातलं नेमकं तेवढंच इंग्रजीत उतरवता येणारं. माझ्या ऑफिसात कॉन्व्हेंटची मुलगी फेरफार वाचताना अडते आणि आजऱ्याकडचा पोरगा इंग्रजीत अडतो. दोघांना एका टेबलाला बसवलंय, एकमेकांकडनं शिकतायत.

आणि एक गुण असा, जो कुठल्या यादीत दिसत नाही: तोंड बंद ठेवणं. कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीवर दोन्ही पक्षांची माणसं उभी असतात. पक्षकाराचं एक वाक्य तिथं बाहेर पडलं तर केसचं वाटोळं होतं. नवीन पोराला पहिल्या दिवशी मी कायदा शिकवत नाही, हे शिकवतो.

गुजरीतली_ताई

मी सराफी पेढीत काउंटरला आहे. आमच्याकडं अडतं ते घडणावळीवर. गिऱ्हाईक पेपरातला सोन्याचा भाव बघून येतं, बिल बघितलं की चढतं. नवीन मुलगी घाबरून 'मालकांना विचारा' म्हणते, किंवा तोडून बोलते. दोन्ही वेळा गिऱ्हाईक उठतं. वजन किती, दर किती, घडणावळ किती, जीएसटी किती, हे कागदावर एकाखाली एक मांडून दाखवलं की निम्मा राग तिथंच जातो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो. तो भिंगातनं दाखवायचा आणि गिऱ्हाइकाच्याच मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तपासून द्यायचा. शेतकरी बाई असो की डॉक्टरीण, तिला अडाण्यासारखं वाटू न देता हे सांगणं ही खरी कला.

कामगाराचा_पोरगा भाऊ, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आमच्याकडं आहे. जिच्याकडं गिऱ्हाईक परत परत मागून येतं तिचा पगार लवकर वाढतो, कारण ती सोडून गेली तर गिऱ्हाईकही जातं हे मालकाला दिसतं. फौंड्रीत ते दिसत नाही. वाचलेला लॉट कुणी मोजत नाही.

शिरोलीकर

गुजरीतल्या ताईंनी मर्मावर बोट ठेवलं. नासलेला लॉट मोजला जातो, त्याचा रंगीत तक्ता ऑफिसात लावलेला असतो. वाचलेला लॉट कुठंच नोंदवला जात नाही.

कामगाराचा_पोरगा, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. जिथं बोलणाऱ्याला हलवतात तिथं पोरांना बोलायला शिकवणं म्हणजे त्यांना संकटात ढकलणं आहे. म्हणून प्रशिक्षण आधी सुपरवायझरला पाहिजे, असं मला तुमची पोस्ट वाचून जास्तच पटलं. आमचे बहुतेक सुपरवायझर उत्तम मोल्डर किंवा उत्तम मेल्टर होते म्हणून वर आले. माणसं सांभाळायचं त्यांना कुणी शिकवलंच नाही, त्यांच्यावर त्यांचे वरचे ओरडले तसे ते खाली ओरडतात. 'काय झालंय ते सांग, कुणी केलं ते नंतर बघू' हे एक वाक्य सुपरवायझरच्या तोंडी बसवायलाच काही महिने लागतील.

पैशाबद्दल माझा प्रस्ताव असा. बऱ्याच कारखान्यांत स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं, कुठल्या माणसाला कुठलं मशिन किती येतं याचे चार भागांचे गोल. ऑडिटला ते दाखवावं लागतं. त्यातच एक रकाना पाळी सोपवण्याचा आणि वेळेत इशारा देण्याचा घालावा, आणि वार्षिक वाढ देताना तो मशिनच्या रकान्याइतकाच धरावा. कागद आधीच भिंतीवर आहे, नवीन यंत्रणा लागत नाही.

पुण्यात_पण_कोल्हापूरचा

हिंजवडीतनं लिहितोय. आपल्या पोरांबद्दल एक चांगलं सांगतो: मदतीला धावून जाणं आपल्याकडं रक्तात आहे, टीममध्ये ते लगेच दिसतं. अडतं ते 'होय' म्हणण्यात. मॅनेजरनं विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का, की आपला पोरगा 'होतंय की सर' म्हणून मोकळा. गुरुवारी रात्री कळतं की होत नाही. 'शुक्रवारी निम्मं देतो, उरलेलं पुढच्या आठवड्यात' हे मंगळवारीच सांगितलं तर कुणी रागवत नाही. बाकी इंग्रजीचं म्हणाल तर बोलण्यापेक्षा लिहिण्यात जास्त जातं, रोज दहा ओळी लिहिल्या की जमतं.

गडहिंग्लजची_आई

सगळ्यांचं वाचून थोडा धीर आला म्हणून विचारते. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, मार्क चांगले आहेत. स्वभावानं फार अबोल. दोन मुलाखतींत 'कॉन्फिडन्स नाही' म्हणून परत पाठवला. आता एक क्लासवाले पंचवीस हजार सांगतायत, तीन महिन्यांत बोलका करून देतो म्हणतात. द्यावेत का? नाहीतर पुण्याला पाठवावं का? त्याच्या वडलांना वाटतं क्लास लावावा.

कळंबा_रोड

ताई, आत्ता लगेच पैसे देऊ नका. अबोल असणं हा दोष नाही. माझे कितीतरी उत्तम टूलरूमवाले विद्यार्थी अबोल आहेत. त्याला गर्दीत बोलता नाही आलं तरी चालेल, केलेल्या कामाबद्दल बोलता आलं पाहिजे.

त्याला हे करायला सांगा. डिप्लोमाचा प्रोजेक्ट, नाहीतर केलेला एखादा जॉब घ्यावा. ड्रॉइंग हातात धरून तुम्हाला समजावून सांगावं, मराठीत. काय करायचं होतं, कुठं अडलं, कसं सोडवलं. तुम्ही मध्ये मध्ये विचारायचं, 'म्हणजे काय रे?' तुम्हाला इंजिनिअरिंग येत नाही हेच इथं उपयोगाचं, कारण त्याला सोपं करून सांगावं लागेल. मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यानं स्वतः ऐकावं. मराठीत घडी बसली की तेच इंग्रजीत.

शिरोलीकर

ताई, कळंबा सरांच्या बोलण्यात भर घालतो. क्लासपेक्षा त्याला अप्रेंटिसशिपला लावा. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, सगळीकडं जागा असायलाच हव्यात. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवता येतं. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, त्यात आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना महिन्याला ८ हजार विद्यावेतन ठरवलेलं होतं. सध्या कुठं भरती चालू आहे ते जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर भागवू नका. आणि मुलाला एकट्याला आत पाठवा, तुम्ही बाहेर बसा. तोही सरावच आहे.

मुलाखतीचं म्हणाल तर आमच्यासारखे लोक 'कॉन्फिडन्स नाही' असं लिहितात तेव्हा बहुतेक वेळा पोरगं प्रश्न न कळता गप्प बसलेलं असतं. 'सर, प्रश्न कळला नाही, परत सांगता का?' म्हणणाऱ्याला मी तरी कधी मार्क कापत नाही. 'हे येत नाही, पण हे येतं' म्हणणाऱ्याला जास्तच देतो.

उद्यमनगर_वर्कशॉप

वहिनी, पोरगं कोल्हापुरात राहायला तयार असेल तर माझ्याकडं महिनाभर बसू दे. शिकायचे पैसे घेत नाही, काम केलं तर रोजची मजुरी देईन. माझ्याकडं गिऱ्हाईक थेट मशिनपाशी येऊन उभं राहतं, त्याला बोलावंच लागेल.

गडहिंग्लजची_आई

दादा, फार उपकार होतील. त्याला आज रात्री सगळा धागा वाचायला देते. त्याच्या वडलांनाही वाचून दाखवते.

नाईट_ड्युटी_सिस्टर

कळंबा सर, एक सुचवते. प्रत्येकाच्या कामातले असे प्रसंग कार्डांवर लिहिले तर? एका बाजूला प्रसंग, दुसऱ्या बाजूला चिडक्या माणसाचे संवाद. दोघांच्या जोड्या करून सराव होतो. दवाखान्याची दहा-बारा कार्डं मी लिहून देते. पेशंटची ओळख पटेल असं काही त्यात नसेल.

कळंबा_रोड

सिस्टर, द्या. मला फौंड्री आणि मशीन शॉपचीही हवीत. शिरोलीकर दादा, खऱ्या पाळी-रजिस्टरची पानं मिळाली तर फार बरं होईल. कंपनी, गिऱ्हाईक, पार्ट नंबर सगळं खोडून द्या. 'सर्व ओके' लिहिलेलंही हवं आणि नीट लिहिलेलंही, शेजारी शेजारी ठेवून दाखवता येईल. पोरांना व्याख्यानापेक्षा असं पान जास्त कळतं.

शिरोलीकर

पानं देतो, त्याआधी प्लँट हेडची परवानगी काढतो. चांगलं लिहिलेली कमी सापडतील, पण एका मेल्टिंगच्या दादांची वही आहे, सातवी शिकलेले आहेत. चार्ज मिक्स, तापमान, किती वाजता काय घातलं आणि शेवटी 'लायनिंग उजवीकडं पातळ वाटतंय, उद्या बघा' अशी ओळ (लायनिंग म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर). आमच्या इंजिनिअर पोरांना मी तीच वही दाखवतो.

कामगाराचा_पोरगा

कार्डं करा, चांगलंच आहे. त्यात एक कार्ड माझंही घाला: पोरगं कोअर ओले आहेत म्हणून सांगतंय आणि सुपरवायझर टार्गेटसाठी ओरडतोय. पण त्या कार्डावर सराव सुपरवायझरनं करायचा, पोरानं नाही.

आणि शिरोलीकर, तो स्किल मॅट्रिक्सचा रकाना कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही लागू होणार का? आमची नावं त्या भिंतीवरच्या तक्त्यात बऱ्याच ठिकाणी नसतातच. ते आधी सांगा. होणार असेल तर माझ्या लाइनमधली दोन पोरं मी सरावाला पाठवतो.

शिरोलीकर

तुमचं कार्ड पहिलं घालू. कॉन्ट्रॅक्टच्या नावांचं मी एकटा ठरवू शकत नाही. सोमवारी एचआर आणि मालकांबरोबर बैठक आहे, तिथं हा विषय लेखी मांडतो. काय उत्तर मिळालं ते मंगळवारी इथंच लिहितो, 'नाही' म्हणाले तर तेही लिहितो.